स्वतःहून हजर

प्रिय बारके,

आधी सगळ्यांची हजेरी घेतो. तुझा उजवा गुडघा जिना चढताना अजून कुरकुरतो का? मेहुण्यांचा खोकला गेला, की अजून शेजाऱ्यांची झोपमोड करतो? भाचीला चष्मा लागल्याचं तुझ्या वहिनीला लिहिलं होतंस, नंबर वाढला नाही ना? तुझ्या सासूबाईंना ऐकू येईनासं झालंय म्हणे. त्यांच्याशी बोलून बोलून तुझाच घसा बसला असेल, तोही कसा आहे ते कळव. इकडे तुझ्या वहिनीची साखर ताब्यात आहे, जीभ नाही. मुलगा आणि सून मजेत. माझे दात गेले, पण त्यामुळे बोलणं कमी झालं असं घरात कुणी म्हणत नाही.

दादाचं पत्र बघून तू दचकली असशील. सव्वीस वर्षं तुझी पत्रं वहिनीच्या नावाने येतात, उत्तरं तीच लिहिते आणि मी तळाशी 'आशीर्वाद' एवढाच शब्द खरडतो. तू दवाखान्याच्या लाँड्रीतून निवृत्त झाल्याचं तुझ्या मागच्या पत्रात होतं. मी लगेच म्हटलं, आता तिला चांगली महिनाभर बोलावून घेऊ, मागची खोली रिकामीच आहे. वहिनी भांडी पुसत होती. तिचा हात थांबला. म्हणाली, अहो, पण तिच्या नावाचं ते वॉरंट? गाडीतून उतरल्या उतरल्या धरलं तर तिला? 

ते दिवस तू विसरली नसशीलच. इथल्या लाँड्रीत तू घड्या घालायच्या टेबलाशी होतीस आणि मी त्याच लाँड्रीची हातगाडी ओढायचो. बॉयलरची झडप सारखी वाफ सोडते, काम खोळंबतं, म्हणून मालकाने ती जाड तारेने आवळून टाकली. ते तू पाहिलंस. चौथ्या दिवशी बॉयलर फुटला आणि इस्त्रीवालीचे दोन्ही हात भाजले. मालकाने उलटं तिच्यावरच ढकललं, म्हणाला, हिनेच झडपेशी खेळ केला. तू म्हणालीस, मी साक्ष देणार. मी काय म्हणालो ते इथे पुन्हा लिहीत नाही, तुला ते शब्दन् शब्द आठवत असणार. तू पिशवी भरलीस आणि गाव सोडलंस. पुढे काही महिन्यांनी दारात पोलीस उभा राहिला, तुझ्या नावाचं वॉरंट घेऊन. साक्षीला आली नाही म्हणून. ती कुठे असते ते ठाऊक नाही, असं मी सांगितलं. तेव्हापासून या घरात सगळे धरून चाललेले, की बारकी येत नाही ती त्या वॉरंटाच्या भीतीने.

तर म्हटलं, आता याचा छडा लावायचाच. आधी पोलीस चौकीत गेलो. तिथला हवालदार हसायलाच लागला. म्हणाला, आजोबा, वॉरंटापासून पळणारे रोज बघतो, वॉरंट शोधत आलेले तुम्ही पहिलेच. पण माणूस बरा. चौकशी करून म्हणाला, आमच्याकडे इतकं जुनं काही नाही, जिवंत आहे की रद्द झालं ते कोर्टातच कळेल. घरी येऊन सुनेला सांगितलं. तिने फोनवर कोर्टाचं पान उघडलं, तुझं माहेरचं नाव घातलं, सासरचं घातलं. काहीच निघालं नाही. मी खूश, पोरगी सुटली. सून म्हणाली, बाबा, सापडलं नाही म्हणजे नाहीच असं नसतं, इतके जुने खटले यात चढवलेलेच नसतील. मुलापेक्षा सून हुशार, हे मी त्याच्यासमोरच म्हणतो.

मग कोर्टाची खिडकी गाठली. जुन्या नोंदी सांभाळणाऱ्या बाई आहेत, चष्मा दोरीला बांधून गळ्यात, आणि तो सगळ्या टेबलावर शोधत असतात. तुझं नाव ऐकून त्यांनी विचारलं, आरोपी होत्या का? माझं डोकंच सणकलं. म्हटलं, बाई, आरोपी कसली, साक्षीदार. तर त्या म्हणाल्या, मग आधी सांगायचं ना, तासभर भलत्याच रजिस्टरात डोकं घातलं असतं मी. साक्षीदाराच्या नावाने शोधून काही मिळत नाही, खटला आरोपीच्या नावावर असतो. त्याचं नाव सांगा, साल सांगा, आणि खटल्याचा नंबर असला तर सोन्याहून पिवळं. मी खिशातून कागद काढून नंबर वाचून दाखवला. तो माझ्याकडे कुठून आला, ते पुढे लिहितो. त्यांनी अर्ज पुढे सरकवला आणि म्हणाल्या, बाहेर अर्ज लिहून देणारे बसतात. मी तिथेच उभ्या उभ्या स्वतःच्या हाताने भरला. 'अर्जदाराचं नातं' या रकान्यात 'सख्खा भाऊ' लिहिलं. नुसतं 'भाऊ' पुरे होतं म्हणे.

अकरा दिवसांनी फाईल निघाली. पिवळी पडलेली, दोऱ्याने बांधलेली. बाईंच्या समोरच बसून बघायची, जवळ पेन ठेवायचं नाही, असा तिथला कायदा. मी पानं उलटत गेलो आणि ते वॉरंट सापडलं. त्याच्यावर आडवं लाल शाईने लिहिलंय: 'रद्द. साक्षीदार स्वतःहून हजर.' मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तेच.

बारके, तू आली होतीस. इस्त्रीवालीच्या बहिणीने तुला वॉरंटाचं कळवलं आणि तू दुसऱ्याच दिवशी निघालीस, असं तुझ्याच जबानीत आहे. दोन तास उभी होतीस. मालकाच्या वकिलाने तुला चहूकडून घेरलेलं. म्हणतो कसा, दहा हातांवरून तुम्हाला तार दिसलीच कशी? आणि तू सांगितलंस, साहेब, पांढऱ्या चादरीवरचा टाचणीएवढा डाग मी दहा हातांवरून हेरते, त्याचाच मला पगार मिळतो, ही तार तर बोटाएवढी जाड होती. हे वाचून मी त्या गप्प खोलीत मोठ्याने हसलो. बाईंनी मान वर केली, तर मी त्यांनाही वाचून दाखवलं. त्याही हसल्या, आणि शेजारच्या टेबलावरच्या साहेबांना बोलावून म्हणाल्या, हे ऐका. निकालपत्रात जजसाहेबांनी लिहिलंय, 'या साक्षीदाराच्या शब्दावर विश्वास ठेवताना न्यायालयाला कोणताही संकोच वाटत नाही.' हे वाक्य मला आता पाठ आहे. मालकाला शिक्षा झाली आणि इस्त्रीवालीवरचा डाग पुसला गेला, तो तुझ्या त्या एका वाक्याने. शिक्षा झाल्याचं तेव्हा गावभर झालं होतं, पण कुणाच्या साक्षीने ते विचारायची मला हिंमत झाली नाही. आता सही-शिक्क्याची नक्कल आणली आहे. न्हाव्याला वाचून दाखवली, तेव्हा अर्धी दाढी तशीच राहिली. घड्याळवाल्याला दाखवली. वहिनीने तर दोनदा वाचायला लावली, दुसऱ्यांदा ऐकताना ती उभी राहिली. का उभी राहिलीस विचारलं, तर म्हणाली, बसवेना.

पण अभिमानाने माणसाची झोप उडते, तशी माझी उडाली आणि मग हिशेब जुळेना. वॉरंट सव्वीस वर्षांपूर्वीच रद्द झालेलं. तुला ते पक्कं माहीत. कोर्टापासून आपलं घर पायी पंधरा मिनिटांवर. त्या दिवशी बुधवार होता, तारखेवरून मी काढलं. दर बुधवारी मी कोर्टासमोरच्या लॉजला चादरी पोचवायचो. म्हणजे तू आत उभी होतीस आणि मी रस्त्यापलीकडे गाडी उतरवत होतो. संध्याकाळच्या गाडीने तू परत गेली असशील. घराकडे वळली नाहीस. तेव्हा, तुला अडवलं होतं ते वॉरंटाने नाही. माझ्या शब्दाने.

आता त्या नंबरबद्दल. तुला कोर्टाचं समन्स दोनदा आलं होतं, आपल्या घरच्या पत्त्यावर. दोन्ही वेळा मी घेतलं, पोचवतो म्हणालो, आणि हत्यारांच्या पत्र्याच्या पेटीत तळाशी घातलं. त्याच कागदांवरून मी बाईंना नंबर वाचून दाखवला. फाईलमध्ये पोचपावत्या आहेत, त्यावर माझी सही आहे. नवीन नवीन सही शिकलो होतो तेव्हा, मोठी ऐटीत, शेवटी शेपूट काढलेली. जजसाहेबांनी तुला विचारलं, दोन समन्सं मिळूनही आला का नाहीत? आणि तू उत्तर दिलंस, 'समन्स माझ्या भावाने घेतलं. तो शिकलेला नाही. कागद कसला आहे हे त्याला कळलं नसेल. त्याचा दोष नाही.'

दुकानांच्या पाट्या वाचून मी अक्षरं शिकलो, मग पुड्यांचे कागद, मग वर्तमानपत्र. रोज कामावरून आल्यावर तुला मोठ्याने वाचून दाखवायचो आणि मी अडखळलो की तू भाजी निवडता निवडता शब्द पुरवायचीस. मला वाचता येतं, हे या जगात तुझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. अख्ख्या जबानीत एवढीच एक गोष्ट तू खोटी सांगितलीस, आणि ती ज्याने तुला दार बंद केलं त्याच्यासाठी. मी बाईंना विचारलं, एवढी ओळ आता दुरुस्त करता येईल का? त्या म्हणाल्या, खटला संपला आजोबा, आता त्या कागदाला कुणी हात लावत नाही. म्हणून ती दुरुस्ती इथे करतोय, हे पत्र त्यासाठीच आहे. समन्स मी वाचलं होतं. दोन्ही वेळा, पहिल्या ओळीपासून शिक्क्यापर्यंत. मला ते कळलं होतं. नोकरी जाईल या भीतीने मी ते लपवलं, आणि दोष माझाच होता. आता तू ये, किंवा नको म्हण, तो तुझा हक्क. बोलावलंस तर मी येईन तुझ्या दारात, समन्स काढावं लागणार नाही. मागच्या खोलीची खिडकी रंगवून घेतली आहे, पलंग वहिनीने तुझ्या आवडीने भिंतीकडे लावलाय. उत्तर लवकर लिही आणि यावेळी माझ्या नावाने लिही. मनात असेल ते सगळं लिही, कितीही लांब झालं तरी चालेल. मला वाचता येतं.

तुझाच,
दादा