चुन्याची निवळी आणि जिवंत पोवळी

माय, आज पाणी आठ पूर्णांक दोनवर आलं! दुपारी तीन वाजता मी हॉलमध्ये एकटीच टाळ्या पिटत होते. शेजारच्या अक्का दारातून डोकावल्या, "काय गं, लॉटरी लागली का?" त्यांना काय कपाळ सांगू? म्हणून तुला लिहायला बसले. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली, पण यातली गंमत तुझ्याशिवाय कुणाला कळायची नाही.

तर ऐक. जळगावच्या आमच्या घरात, टीव्ही होता त्या जागी, आता समुद्र आहे. चार फुटांची काचेची टाकी, त्यात मी स्वतः मीठ कालवून केलेलं खारं पाणी, दोन नारिंगी मासे आणि पोवळी. तुझ्या अंगठीतलं पोवळं आपण दगडच समजायचो ना? अगं, ती जिवंत प्राण्यांनी बांधलेली घरं! बारीक बारीक तोंडं उघडून खातात, आणि बिनसलं की मिटून बसतात. बँकेतून निवृत्त झाल्यावर माझ्या मैत्रिणी भजनी मंडळात गेल्या, मी या नादाला लागले. हे म्हणतात, "तापीकाठच्या बाईला म्हातारपणी समुद्राचं खूळ!" म्हणू देत.

या पाण्याचा एक आकडा सांभाळावा लागतो, पीएच. पाणी आंबटाकडे झुकलं की आकडा उतरतो, आणि पोवळ्यांना तो आठच्या जरा वरच लागतो. मे महिन्यात नणंदेच्या मुलीचं लग्न होतं. अकरा पाहुणे याच हॉलमध्ये एका एसीत, खिडक्या गच्च बंद. आपण सोडलेला श्वास पाण्यात मुरतो आणि आकडा पाडतो, हे मला कुठे ठाऊक! बघता बघता सात पूर्णांक सात. माझं जांभळं पोवळं, अंगठ्याएवढं आणून दोन वर्षांत ओंजळीएवढं केलेलं, टोकांकडून पांढरं पडायला लागलं. माझा जीव टांगणीला. मासे-पोवळी आणते त्या दुकानदाराने आकडा चढवायची बाटली दिली. रोज एक झाकण, असं तिच्यावर स्वच्छ लिहिलेलं. मी अर्धी बाटली एकदम ओतली. पाणी ताकासारखं झालं, आकडा चढला आणि दुसऱ्या दिवशी होता तिथेच. पोवळी मिटली ती मिटलीच. हे हळूच म्हणाले, "देऊन टाक त्याला परत, तिकडे जगतील तरी." साठीची बाई मी, पण ढसाढसा रडले.

शेवटचा उपाय म्हणून दुकानदाराने एक परदेशी नावाचा डबा दिला. पांढरी भुकटी. चष्मा लावून वाचायला बसले. शुद्ध पाण्यात चमचाभर टाका, ढवळा, झाकण लावा, गाळ बसू द्या, वरचं नितळ पाणी तेवढं घ्या, थेंबाथेंबाने सोडा. दोनदा वाचलं, आणि अंगावर काटा आला. हे मी कुठेतरी ऐकलंय! मग खालची बारीक अक्षरं वाचली. अगं माय, चुना! तुझी चुन्याची निवळी!

मी आठ वर्षांची. आपल्या स्वयंपाकघरात फळीवर ती काचेची बरणी, खाली चुना बसलेला, वर काचेसारखं पाणी. आम्हा भावंडांची हाडं बळकट व्हावीत म्हणून तू रोज चमचा-चमचा पाजतेस. आज माझा पहिला नंबर लागावा म्हणून मी तू यायच्या आतच बरणीत पळी घालते, आणि गाळ सगळा वर. पाठीत धपाटा. "येडी शे का तू? ढवळी टाकं ना बठ्ठं! आते काय पाजू, तुन्हं डोकं?" मग बरणीवर ताटली ठेवत तू म्हणतेस, "झाकन ठेवत जाय, साय धरस ती." तशीच साय परवा माझ्या भांड्यावर धरली. मी एकटीच खो-खो हसत सुटले.

मग मी उतावळेपणा सोडला. सलाईनची नळी आणली, निवळीचं भांडं वर टांगलं आणि थेंब थेंब सोडायला लागले. हे रोज विचारायचे, "पेशंट काय म्हणतोय?" सकाळ-संध्याकाळ खिडक्याही उघडल्या. सात पूर्णांक नऊ, मग आठ, आणि आज हा आकडा! पांढरी टोकं गेली ती गेलीच, पण बुडाशी नवी जांभळी कड आली आहे. भिंग लावून चारदा पाहिली. वाचलं गं माझं पोवळं.

पत्र काही कुठे टाकायचं नाही, तर एक सांगूनच टाकते. माझा मुलगा तान्हा होता तेव्हा तू दर पंधरवड्याला चाळीसगावहून गाडीने यायचीस, पिशवीत त्याच्यासाठी निवळीची बाटली, फडक्यात गुंडाळलेली. डॉक्टर वरचं काही देऊ नका म्हणाले होते. तसं तुला सांगायला हवं होतं, पण तुझं मन मोडवेना. खरं तर मला त्या बाटलीची लाजही वाटायची. तू अंघोळीला गेलीस की मी ती मोरीत ओतायचे. "पाजी का वं?" तू विचारायचीस. पाजली म्हणून मी खुशाल सांगायचे, "पाजी, माय." एकदा त्याच्या पोटऱ्या दाबून, पाय घट्ट झाले म्हणून तू केवढी हरखलीस, "दख, कितला घट पाय व्हयनात!" आणि पुढच्या खेपेला दोन बाटल्या घेऊन आलीस.