बाबांना आमची टीम पाठ होती

सोमवार, ३ मार्च

हुकूम आला. एक तारखेपासून सगळ्यांनी ऑफिसात हजर. चार वर्षं घरून काम केलं, कुणाचं काही अडलं नाही — आता म्हणे एकत्र बसल्याशिवाय टीम होत नाही! माझ्या टीममधली माणसं पाच शहरांत पांगलेली. बसू कुणाबरोबर?

बाबांना सांगितलं नाही.

बुधवार, ५ मार्च

साहेबांना विनवून पाहिलं. वडिलांची डावी बाजू लुळी पडलीय, घरात दुसरं कुणी नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुला सवलत दिली तर बाकीच्यांना काय सांगू?" त्यांचाही नाइलाज असेल. नोकरी सोडावी म्हटलं, तर औषधं कशावर आणू?

रविवार, ९ मार्च

बाबांना कळलंच. कळणारच — रोज काठी टेकत येतात आणि माझ्या टेबलाशेजारी खुर्ची ओढून बसतात. मीटिंग चालू असली की तोंडातून शब्द नाही. टीममधल्या कुणाला कधी भेटलेले नाहीत, पण आवाजावरून सगळे ओळखतात. नावंही त्यांनीच ठेवलेली — घाईवाला, खोकलेराव, बरं-का-बाई. परवा विचारत होते, घाईवाला गप्प का, घरी काही बिनसलंय का? खरंच बिनसलं होतं. बायको माहेरी निघून गेलीय त्याची. आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

आज जड जिभेने म्हणाले, "जा तू. मी काय पळून जातोय?"

मंगळवार, १ एप्रिल

ऑफिस. शेजारी एक अनोळखी मुलगी, कानाला हेडफोन. मीही हेडफोन लावला आणि त्याच माणसांशी त्याच पडद्यावर बोलले. दिवसभर.

बाबांपाशी एक बाई ठेवल्यात. चांगल्या वाटल्या.

सोमवार, ७ एप्रिल

बाई सांगत होत्या — सकाळी हट्टाने माझ्या खोलीत जाऊन बसतात. बंद कॉम्प्युटरसमोर. दुपारी फोन केला तर म्हणाले, "सगळे बरे आहेत ना?" सगळे म्हणजे टीम.

बुधवार, १६ एप्रिल

बाबा गेले.

रविवार, २० एप्रिल

लिहवत नव्हतं.

मी मीटिंगमध्ये होते. फोनचा आवाज बंद. बाई पाणी आणायला आत गेल्या, येऊन पाहतात तर बाबांनी मान टाकलेली. माझ्या खोलीत, माझ्या टेबलापाशी. घरी असते तर हात लांब केला तरी लागला असता, इतक्या जवळ.

घाईवाल्याचा फोन आला. म्हणाला, "मीटिंगच्या आधी काका खुर्ची ओढायचे ना, तो आवाज यायचा आम्हाला. मग वाटायचं, चला, सगळे आले."

दोघंही रडलो. त्याला मी अजून एकदाही भेटलेले नाही.

सोमवार, ५ मे

जागेचं भाडं परवडत नाही म्हणून ऑफिस बंद होतंय. पुढच्या आठवड्यापासून सगळ्यांनी पुन्हा घरून काम करायचं. साहेब स्वतः सांगायला माझ्या टेबलापाशी आले, पण मान वर करेनात.

मी म्हटलं, "कुठेतरी एक टेबल राहू द्या, साहेब. मला घरात बसवत नाही."