जुन्या साच्याची राखण

३ फेब्रुवारी

आज ऑरेलीने एका प्रोग्रॅमच्या वाढदिवसाचा केक कापला, आणि त्या क्षणी मी कामातून गेलो!

पंधरा वर्षांचा झाला तो. भरती-ओहोटीच्या वेळा सांगतो. बनवणारी कंपनी बुडाली, मूळ कोड कुणाकडेच नाही. उरलाय तो फक्त तयार, चालता प्रोग्रॅम. असे साठेक जुने जीव ऑरेली सांभाळते. ऑफिसात त्याला सगळे वृद्धाश्रम म्हणतात. आमच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची लायब्ररी, म्हणजे सगळे प्रोग्रॅम ज्या सामायिक सामानावर चालतात ते, आम्ही जरा कुठे बदललं की ती या सगळ्यांना त्यावर चालवून बघते. कोण लंगडतंय, कोण पडलं.

"फुंकर तू मार," मला म्हणाली. "आजोबांना दम लागतो."

नाकाला साखर लागली होती तिच्या. सांगितलं नाही. बघत बसलो.

कॉलेज अर्ध्यात सोडून हॅलिफॅक्सला आलो तेव्हा ठरवलं होतं — कुणात अडकायचं नाही. झालं!

४ फेब्रुवारी

दिवसभर बोलली नाही. काम होतं म्हणे.

१० फेब्रुवारी

माझा नवा साचा पूर्ण! प्रोग्रॅममधली नावं, पत्ते, निरोप — सगळा मजकूर ज्यात ठेवतात तो साचा. जुना बोजड होता. माझा आटोपशीर आणि कितीतरी वेगवान. हाताशी होते ते सगळे प्रोग्रॅम त्यावर नव्याने कंपाइल केले, म्हणजे मूळ कोडवरून पुन्हा बांधून घेतले. एकही पडला नाही. वसंतातल्या आवृत्तीत जाणार!

धावत तिला दाखवायला गेलो. तिने शांतपणे विचारलं, माझ्या म्हाताऱ्यांना पुन्हा कंपाइल कोण करणार? कोड कुठाय? मी म्हणालो, ज्यांना नव्याशी जमत नाही त्यांनी मरावं.

तिने हेडफोन लावले.

११ फेब्रुवारी

तिने मला बोलावलं. भरती-ओहोटीवाले आजोबा माझ्या साच्यावर चालू होते. पडले नव्हते! मी हसलो. तिने बंदराचं छापील वेळापत्रक शेजारी ठेवलं. कागदावर मेटेघन बंदराला ओहोटी, आणि पडद्यावर भरती. बंदराचं नाव अर्धंच वाचून आजोबांनी भलत्याच बंदराच्या वेळा दिल्या होत्या.

मेटेघन तिचं गाव. तिचे बाबा हाच प्रोग्रॅम लावून बोटीने लॉबस्टर पकडायला जातात.

"बंद पडला असता तर बाबांनी शिव्या घातल्या असत्या आणि कागद काढला असता," ती म्हणाली. "हा खोटं बोलतोय, लॉकलन. आणि किती शांतपणे बोलतोय बघ."

माझं काम अजून बाहेर गेलेलं नाही, कुणाचं काही बिघडलेलं नाही. तरी कागद आणि पडदा पुन्हा पुन्हा ताडून पाहिला. आणि मी काय केलं? ओरडलो! तुझ्या बापाच्या एका बोटीसाठी सगळ्या जगाने लंगडायचं का, म्हणालो. मग कोट न घालता बर्फात निघून गेलो. गाढव.

१२ फेब्रुवारी

शिंका.

म्युरियलने — आमची मुख्य, लायब्ररीत तिचे केस पिकलेत — चहा दिला, काकवीचा पाव दिला. रागावली नाही. तिची एक मावशी होती म्हणे, आंधळी. स्वयंपाक एकटीने करायची. मीठ दुसऱ्या फळीवर, डावीकडून तिसरं. हात बरोबर तिथे जायचा.

"तुझं नवं फडताळ सुरेख आहे, पोरा. मावशीला सांगायचं राहिलं."

ही बाई ओरडत का नाही? ओरडली असती तर भांडता आलं असतं.

२५ फेब्रुवारी

सापडलं! जुना साचा हलवायचाच नाही. जुन्या नावाने, जुन्या जागी राहू दे. नवा त्याच्या शेजारी, वेगळ्या नावाने. जुने प्रोग्रॅम जुन्याला हाक मारतील, नवे नव्याला. जुन्याने नव्याच्या हातात काही द्यायला घेतलं, तर नावंच जुळणार नाहीत. जोडणी तिथेच अडेल. अडेल, पण खोटं बोलणार नाही!

आधी ऑरेलीला दाखवलं. बाबांबद्दल बोललो ते चुकलं, हेही सांगितलं. ती बराच वेळ पडद्याकडे बघत होती. मग माझ्याकडे.

म्युरियल म्हणाली, चालेल. पण इथला रिवाज ठाऊक आहे ना? जो एकाचे दोन करतो, त्याने जुन्याला सांभाळायचं. फाइलच्या डोक्यावर राखणदार म्हणून त्याचं नाव. दहा वर्षं.

२६ फेब्रुवारी

दहा वर्षं! मला कॉलेज चार वर्षं झेपलं नाही.

नवा साचा माझा. आणि जन्म काढायचा त्या बोजड थेरड्याची धुणी धूत?

३ मार्च

घातलं नाव. पानाशी खोटं कशाला बोलू — दहा वर्षं म्हणजे दहा वर्षं ऑरेलीच्या शेजारचं टेबल. रोज सकाळी तिच्याबरोबर म्हाताऱ्यांची हजेरी. आणि खरं तर तेवढंच नाही. आजोबांनी मेटेघनची ओहोटी बरोबर सांगितली तेव्हा मला हुंदका आला, हेही खरं.

सगळे साठ उभे. ऑरेलीने मिठी मारली. तिचे डोळे ओले होते. माझ्यासाठी!

७ मार्च

ऑरेलीने नोकरी सोडली. बाबांच्या बोटीवर जातेय. दोन वर्षांपासून जायचं होतं, म्हणाली, पण म्हाताऱ्यांना कुणाच्या हवाली करणार? "मन लावणारं कुणी मिळेपर्यंत थांबले होते. तू नाव घातलंस आणि मी सुटले."

मी तिच्या खोक्यांना चिकटपट्टी लावत राहिलो.

"मेटेघनला फोन लागतो, लॉकलन," जाता जाता म्हणाली.

खाली तिच्या बाबांचा ट्रक उभा आहे. तिची खोकी एकटीला उचलायची नाहीत. निघतो. दार ओढून घेतो; हजेरीला परत यायचंय.