ओलिताचा उमेदवार

मानोरा, शुक्रवार. अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस.

सलीमभाईने अर्ज मागे घेतला. आमच्या वॉर्डात ज्याच्यामागे कुणी ठेकेदार नाही असा तो एकटाच. समोरच्याला ठेकेदाराचं पाणी बारमाही. म्हणून गेल्या आठवड्यात पेपरातल्या माझ्या सदरात मी लिहिलं होतं, तो ओलिताचा उमेदवार आणि आपला सलीम कोरडवाहू. स्तुती केली होती मी! पण कोरडवाहूची स्तुती या जिल्ह्यात कधी कुणी ऐकली आहे?

संध्याकाळी त्याच्या बांगड्यांच्या दुकानात गेलो. विचारलं, "काहून मागं घेतला?"

"भाऊ, तुमचा शब्द लय चालला. बाया बांगड्या भरता भरता म्हणून राह्यल्या, कोरडवाहूले मत देऊन पिकते काय? तिकडं ओलितवाल्याच्या घरी रोज पंगत."

"अरे, मी चांगल्या अर्थानं…"

"तुमी चांगलंच लिवलं. लोकायनं बी बरोबरच वाचलं."

कोरडवाहू. सुचला तेव्हा किती खूश झालो होतो मी!

निघताना त्याने चहा पुढे केला. "घ्या भाऊ, येवढं ओलीत आमच्याकडे बी हाये."

माझ्यापेक्षा सरस विनोद. हा तरी छापणार नाही.