बाळंतिणीच्या खोलीतील माती

ठाणे, २४ ऑक्टोबर १८८७
गवंडी उत्तम याने आज मागचा जुना गोठा पाडला. त्या जागी सुमतीसाठी बाळंतिणीची खोली. कन्येचे पहिले बाळंतपण माहेरी व्हावे आणि सोयीच्या जागी व्हावे, एवढाच हेतू. ती वीस नोव्हेंबरास कल्याणाहून येईल. तोवर काम संपून आठ दिवस शिल्लक राहतील.
संकल्प: पाडलेल्या भिंतींचा राडारोडा, लोक टाकतात तसा, वाटेल तेथे टाकावयाचा नाही. सिस्टिम पाहिजे.

२७ ऑक्टोबर
वर्ग सहा. अखंड विटा, अर्ध्या विटा, कौले, चुना, लाकूड, शुद्ध माती. मजुरांस दोनदा समजावून सांगितले. त्यांनी सर्व एकाच ढिगात ओतले. उत्तम म्हणाला, मातीला माती म्हणावे आणि मोकळे व्हावे. छत्तीस वर्षे हेडमास्तरकी केली. अशा उत्तरांची सवय आहे.
अंगणात जागा नाही. ढीग रस्त्याच्या कडेस टेंपररी लावविला. रेषा मात्र सरळ.

३१ ऑक्टोबर
कोपरीचा गुणाजी आगरी आला. त्याच्या मिठागराचा बांध पावसाळ्यात खचला आहे. उद्या गाडी आणून सगळे उचलतो म्हणाला. सगळे, म्हणजे सरमिसळ. मी सांगितले की वर्गीकरण झाल्यावर शुद्ध माती तेवढी न्यावी व ती कोठे टाकली ते लिहून द्यावे. त्याला लिहिता येत नाही. मग द्यावी कशी?
कुटुंब दारामागून म्हणाले, नेऊ द्यावी त्याला. स्त्रियांस पद्धतीचे महत्त्व वाटत नाही.

४ नोव्हेंबर
म्युनिसिपालिटीचा मुकादम नोटीस घेऊन आला. रस्त्यावरील ढीग हलवावा. नोटिशीत तीन अशुद्धे होती. दुरुस्त करून परत केली. त्याने आभार मानले नाहीत.
दुपारी चौदा कलमांचा अर्ज पाठविला: गृहस्थाने राडारोडा कायदेशीर रीतीने कोठे टाकावा, ते कळविण्याची कृपा व्हावी. भाषा उत्तम साधली आहे. अर्ज विचाराधीन असता माल परस्पर दुसऱ्यास देणे गैर. म्हणून गुणाजी पुन्हा आला तेव्हा त्यास परत पाठविले. रिकामी गाडी घेऊन आला होता.

१२ नोव्हेंबर
खोली तयार. दोन खिडक्या, पूर्वेचा उजेड, न्हाणीस उतार. कुटुंबाने आत जाऊन भिंतीवरून हात फिरविला.
मुकादम पुन्हा आला. उद्या ढीग दिसला तर खटला. अर्जास उत्तर नाही. मजूर उद्यापासून भातकापणीस जाणार. तेव्हा मलाच उपाय सुचला. ढीग नव्या खोलीत भरविला. छपराखाली, कुलुपात, कोणाचा उपद्रव नाही. प्रश्न केवळ आठ दिवसांचा आहे. उत्तम माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिला. कौतुक असावे.

२० नोव्हेंबर
सुमती आली. पायांस सूज आहे. मजूर अद्याप शेतांवरच.
फावडे घेऊन मी स्वतः निघालो, तो कुटुंबाने वाट अडविली. गर्भार लेकीचे पाऊल घरात पडले. आता या घरात उकरणे, खणणे, फोडणे बंद. ते पोटातल्या जिवाला बाधते. ही रूढी मला ठाऊक होती. तारखांचा मेळ घालताना ती लक्षात राहिली नाही, एवढेच.
सुमती म्हणाली, "बाबा, मला माजघर चालेल." माजघरास खिडकी नाही, परंतु थंडीच्या दिवसांत ते हितकारकच.

२६ नोव्हेंबर
म्युनिसिपालिटीचे उत्तर. अर्ज पोहोचला आहे. एवढेच.

३० नोव्हेंबर
जावई त्र्यंबकराव व विहीणबाई आल्या. विहीणबाईंनी खोली पाहण्याची इच्छा दर्शविली. मी कुलूप काढले व योजना विशद केली. माती उंबऱ्यापर्यंत आली होती. त्यांनी पदर सावरला आणि माजघरात जाऊन सुमतीचे पाय पाहिले. मग शांतपणे म्हणाल्या की मुलगी दोन-तीन दिवसांत आम्ही नेतो. पहिले बाळंतपण सासरी झाले म्हणून लोक बोलतील ते बोलोत.
मी रूढीचा आधार दिला. कोणी ऐकले नाही.
त्या गेल्यावर कुटुंब म्हणाले, "इकडून एकदा तरी त्या गुणाजीला 'ने बाबा' म्हटलं असतं, तर माझी पोर माझ्या हाती राहिली असती."
मग आत जाऊन सुमतीचे गाठोडे बांधू लागले.

३ डिसेंबर
सुमती गेली. कुटुंबही गेले. लेकीच्या घरी पाणी प्यावयाचे नाही म्हणून कल्याणास भावाकडे उतरेल आणि रोज जाऊन येईल.
आता फावड्यास हरकत नाही. संकल्प: चार दिवसांत खोली मोकळी करणे, सारविणे, दोघींस परत आणणे. पिठले स्वतः केले. खाली लागले.

५ डिसेंबर
कोपरीस चालत गेलो. गुणाजीस सांगितले की वर्गीकरणाची अट मी मागे घेतली आहे.
"बांद झाला, मास्तर," तो म्हणाला. "आता ती माती मना नको."
बसावयास त्याने घोंगडी घातली. लेक बरी हाय ना, असे विचारले. बरी आहे म्हणालो.

१४ डिसेंबर
एकवीस टोपल्या उपसल्या. कंबर धरली. थंडीचा परिणाम. चार दिवसांचा अंदाज मजुरांच्या हिशोबाने होता.

२९ डिसेंबर
मजूर मिळाले नाहीत. कंबर तशीच. खिडक्यांपर्यंतची माती कमी झाल्यासारखी वाटते. नववा महिना भरला असेल. कल्याणाहून पत्र नाही. पत्र नाही म्हणजे सर्व ठीक.

११ जानेवारी १८८८
त्र्यंबकरावांचे कार्ड आले. सुमतीस पाच तारखेस मुलगी झाली. दोघी सुखरूप.
आज सहा दिवस झाले. टपालखात्याच्या दिरंगाईबद्दल तक्रार लिहावयास बसलो. कार्डावरचा शिक्का पाहिला. कल्याण, दहा जानेवारी. तक्रार फाडली.
बारसे सोळा तारखेस आहे, असे कार्डात आहे. यावे, असे कोठेही नाही. दोन्ही बाजूंनी वाचले.