तळ्याकडे तोंड करून

नोव्हेंबर २००६, शनिवार संध्याकाळ

तळ्याकाठच्या बागेतली बाकं पाण्याकडून वळवून नव्या कारंज्याकडे तोंड करून बसवायचं ठरतंय. नगरपरिषदेच्या अभियंत्यांनीच आज लोकांच्या बैठकीत सांगितलं. कारण काय, तर समोरच्या काठावर कापसाच्या बंद जिनिंगशिवाय बघण्यासारखं उरलंय काय?

मंजूरचाचा उठले. त्याच जिनिंगमध्ये फिटर होते. "बाकं राहू द्या साहेब. मले तिकडंच पाहाचं असते."

मागून पानठेलेवाला गजू ओरडला, "चाचा, बंद जिन पाहून काय भेटते तुमाले?"

"बायको माहेरी गेली का तू एसटी स्टँडकडं पाहत बसतं, तवा तुले काय भेटते?"

सगळे हसले. मीही. बातमीत 'काही नागरिकांचा विरोध' एवढं लिहून ती वेळेत पाठवली. बाकं राहू द्या, ही माझी सूचना मात्र दिलीच नाही. बातमीदारानं द्यायची नसते. की धीर झाला नाही?

माझी बायको सुधा हयात होती तेव्हा आम्ही त्यातल्याच एका बाकावर बसायचो. हंगामात जिनिंगमधून रुईचे तंतू उडत यायचे, तिच्या केसांत अडकायचे. सहाचा भोंगा झाला की म्हणायची, "उठा आता, भाजी टाकायची आहे." पुढे कापसाचे भाव पडले, जिन बंद झाली. त्याआधीच सुधा गेली. भोंगा तेवढा कानात राहिलाय.

सोमवारी निर्णय होईल. उद्या संध्याकाळी चाचांशेजारी जाऊन बसणार आहे, तळ्याकडे तोंड करून. भोंगा काही होणार नाही. उठायचं कधी, ते दोघांनाही कळणार नाही, असं दिसतंय.