लोखंडी जबड्याच्या सरदारासाठी चौतीस वाक्यं

पुणे, २ जून २०२५

ती. सौ. पद्माआत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला धड ऐकू येत नाही, आणि मी ओरडले की घरमालकीण वर येऊन बघते. म्हणून कागदच बरा.

विचित्र काम आलंय. एक जपानी कार्टून मालिका, मोठ्यांसाठीची. जग बुडालंय, शहरांचा उकिरडा झालाय, आणि उरलेली माणसं मोडक्या ट्रकमधून मारामाऱ्या करत, पादत, शिव्या देत हिंडतात. किरा नावाच्या पोरीचं शेवयांचं शेवटचं भांडं लोखंडी जबड्याच्या सरदारानं पळवलंय. त्यावरून सव्वीस भाग भांडण. त्याचे संवाद मी मराठीत लिहायचे. तीस जूनला कंपनीवाले नमुन्याचा पहिला भाग तपासणार. पसंत पडला तर सगळी मालिका माझी, नाहीतर पुन्हा औषधांच्या बाटल्यांवरच्या सूचना लिहीत बसायचं.

अट अशी, की भाषा आडदांड हवी, पण एकही घाण शब्द नको. माझा सरदार सोसायटीच्या मीटिंगला आल्यासारखा बोलतोय. बाबा म्हणतात, लहानपणी तुझ्या तोंडाला सगळी गल्ली भ्यायची. खरं का?

काकांना नमस्कार. तुझा लोभ आहेच, या वेळी तो जरा तातडीनं कर.

तुझी, सायली


काचीगुडा, हैदराबाद, ९ जून

चि. सायलीस अ. उ. आ.

बापाला सांग, गल्ली भ्यायची नाही, मान द्यायची. तुझी मालिका आमच्या राणीनं सासरहून येऊन फोनवर लावून दिली. हे आधी नाक मुरडत होते. तिसऱ्या पादण्याला हसून हसून चहा सांडला. जग बुडालं ते ठीक, पण त्या पोट्टीच्या डोक्याला कुणी तेल लावेना, तेवढं मनाला लागलं.

तुझी चूक सांगते. तू माणसाला शिवी द्यायला जातेस. आमच्या वेळी लग्नाच्या मांडवात बायका गाण्यातून विहिणीला झोडायच्या. समोर सासरे, दीर बसलेले, आणि शब्द एक घाण नाही. युक्ती अशी, की माणसाला हात लावायचा नाही, त्याच्या वस्तूला लावायचा. तिची भाजी, तिची बुगडी, तिच्या नवऱ्याची टोपी. माणूस जळतो, पण तक्रार कशाची करणार? किराला म्हणायला लाव, तुझा ट्रक बघून म्हैससुद्धा डोक्यावर पदर घेते.

शाळा माझी चौथीपर्यंत. बाकी मांडवांनी शिकवलं. आता फंक्शन हॉलात डीजे असतो. वीस वर्षांत मला कुणी 'म्हण' म्हणालं नव्हतं गं.

जेवत जा. आशीर्वाद रोजचे आहेत, मागायला नकोत.

तुझी आत्या


पुणे, १५ जून

ती. आत्यास सा. न. वि. वि.

म्हशीच्या वाक्याला रेकॉर्डिंगवाले खुर्चीवरून पडले. पण आता किरा झोडते आणि सरदार नुसता उभा. त्याला उत्तर हवं. मी लिहिलं तर दोघं एकाच तोंडानं बोलल्यासारखे वाटतात. शिवाय पडद्यावर तोंड तीनच सेकंद हलतं, वाक्य तेवढ्यात बसायला हवं. पंधरा दिवस उरलेत, मला झोप नाही.

माया राहू दे, आणि काहीतरी कर.

सायली


काचीगुडा, २३ जून

चि. सायलीस अ. उ. आ.

दोन दिवस सरदार लिहायला बसले. जमेना. आपणच आपल्याला झोडताना हात आखडतो.

मग एकच इलाज उरला. राणीची सासू, त्रिवेणीबाई, गौलीगुड्याची. राणीच्या लग्नात तिनं मला मांडवात असं धुतलं होतं, की बावीस वर्षं आमचं या, बसा, चहा घ्या यापुढं गेलं नाही. बेगम बाजारातून तिच्या आवडीची अंजिरं घेतली आणि गेले. सगळं ऐकून तिनं पदर सारखा केला. म्हणाली, या वयात हे शोभतं का. मी म्हटलं, विसरला असाल तर राहू द्या.

बस्स. दोन तास चाललं. यांना मधे बसवलं होतं घड्याळ घेऊन, तीन सेकंद झाले की टाळी. जावई ऑफिसातून आला तो दारातच गार; त्याला वाटलं, आता राणीची पाठवणी माहेरी. तिचं एक ऐक: तुझे मोजे वाळत घातले की ढग रस्ता बदलतात. आणि हे: तुझ्या वेणीत चिमणीनं घरटं केलं, तीही वासानं सोडून गेली. मी नकळत वेणी चाचपली.

चौतीस वाक्यं जमली. निळ्या शाईत मी, म्हणजे किरा; लाल शाईत ती, म्हणजे सरदार. हे म्हणतात मी जिंकले, पण हे तर माझ्याकडचेच. निघताना तिनं माझा हात बराच वेळ सोडला नाही.

दोघींचा आशीर्वाद स्पीड पोस्टानं धाडलाय, जपून फोड.

आत्या


पुणे, ४ जुलै

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पास! तपासायला तिघं होते. मधल्या बाई दगडासारख्या बसलेल्या. मोज्यांचं वाक्य तीनदा लावायला सांगितलं, मग तोंडाला रुमाल. सव्वीसच्या सव्वीस भाग आपले. रागावू नकोस, हशा लाल शाईला जास्त पडला.

एक वाईट बातमी आहे. सरदार तिसऱ्या भागातच मरतो, पुढचं भांडण त्याची टोळी चालवते. चाळीस सेकंद एकटाच बोलतो आणि मरतो. जपानहून तसाच आलाय, मला वाचवता येत नाही. त्रिवेणीकाकूंना सांभाळून सांग. त्या रुसल्या तर माझं अवघड आहे.

तुम्हा दोघींच्या पायाशी डोकं ठेवते. लोभ कमी होऊ देऊ नकोस.

सायली


काचीगुडा, ११ जुलै

चि. सायलीस अ. उ. आ.

त्रिवेणीबाईला घरी बोलावलं. पेढे आधी दिले, बातमी मागून. तिनं अर्धा पेढा ताटलीत परत ठेवला. मला वाटलं, संपलं. आता पोरीचं काम बुडवते ही. तेवढ्यात तिनं यांना विचारलं, मरताना किती वेळ बोलतो म्हणालात? यांनी तुझं पत्र काढून वाचून दाखवलं.

मग म्हणाली, "मरू दे की. चाळीस सेकंद सलग मला मांडवातसुद्धा कुणी दिले नव्हते."

घाईत लिहिते, कारण ती माझ्याच पाटावर लिहायला बसलीय आणि चष्माही माझाच घेतलाय. असंच येत-जात राहा, लिहीत राहा, आम्हाला आपलं म्हणत राहा.

तुझी आत्या